मांजराचा जंतू माणसाचा स्वभाव बदलतो काय?

मांजराच्या पोटातील एक सूक्ष्म जंतू माणसाच्या मेंदूत शिरतो आणि त्याचा स्वभावच पालटून टाकतो, अशा बातम्या अधूनमधून वर्तमानपत्रांत झळकतात. हा जंतू माणसाला बेफिकीर बनवतो, अपघात घडवतो, वेडही लावतो, असे त्यांत लिहिलेले असते. ज्या घरात मांजर आहे आणि सून गरोदर आहे, त्या घरात ही बातमी वाचून घबराट उडणारच. म्हणून यात तथ्य किती, हे आपण तपासून पाहू.

या जंतूचे नाव टॉक्सोप्लाझ्मा. १९०८ साली ट्युनिसमधील शास्त्रज्ञांना तो गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात सापडला. मांजराच्या विष्ठेतून तो मातीत जातो. तेथून न धुतलेल्या भाजीवाटे, तसेच कच्च्या राहिलेल्या मांसावाटे माणसाच्या पोटात येतो. जगातील सुमारे एक-तृतीयांश लोकांना त्याची लागण झालेली असावी, असा अंदाज आहे. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००० साली दाखवून दिले की, लागण झालेले उंदीर मांजराच्या वासाला घाबरेनासे होतात. प्रागचे प्राध्यापक यारोस्लाव्ह फ्लेग्र यांनी माणसांची पाहणी केली. लागण झालेल्यांना रस्ते-अपघाताचा धोका २.६५ पट असतो, असे त्यांनी २००२ साली मांडले. या दोन गोष्टी जोडून बातम्यांनी राईचा पर्वत केला.

पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे होत नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या, एवढ्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही. वय वाढते तशी लागण झालेल्यांची संख्या वाढते. राहणीमान, खाणेपिणे, कामाचे स्वरूप यांचाही हिशेब धरावा लागतो. शिवाय उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उंदरांच्या बाबतीतही जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांना २०२० साली वेगळेच आढळले. लागण झालेल्या उंदरांची एकट्या मांजराबद्दलचीच नव्हे, तर एकंदर भीतीच कमी झाली होती.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांचा अभ्यास जन्मापासून चालू आहे. त्यांतील ८३७ जणांचे रक्त वयाच्या ३८ व्या वर्षी तपासले. २८ टक्के लोकांना लागण झालेली होती. स्वभाव, उतावीळपणा, नैराश्य, स्किझोफ्रेनिया, बुद्धी अशा अनेक बाबतींत त्यांची इतरांशी तुलना झाली. जवळजवळ कोठेच ठळक फरक आढळला नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले.

दुसरा अभ्यास आपल्याला अधिक जवळचा वाटेल. इंग्लंडमध्ये १९९१-९२ च्या सुमारास जन्मलेल्या सुमारे ५ हजार मुलांची पाहणी लंडनच्या संशोधकांनी २०१७ साली मांडली. प्रथम मांजर पाळणे आणि १३ व्या वर्षी भास होणे यांचा संबंध दिसला. मात्र घरातील दाटीवाटी आणि आर्थिक परिस्थिती हिशेबात धरताच तो संबंध नाहीसा झाला. म्हणजे जो दोष मांजराच्या माथी मारला जात होता, त्यामागे अपुऱ्या घराची अडचण होती!

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत ही लागण अधिक आढळते, असे सांगणारे अभ्यास आहेत, हेही खरे. पण लागणीमुळे आजार झाला, की आजारपणातील हालअपेष्टांमुळे लागण झाली, याचा उलगडा त्यातून होत नाही.

मग हा जंतू निरुपद्रवी आहे काय? नाही. गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर ती बाळापर्यंत पोहोचू शकते. बाळाच्या डोळ्यांना व मेंदूला इजा होऊ शकते, गर्भपातही होऊ शकतो. एचआयव्हीबाधितांनाही धोका असतो. तेव्हा भगिनींनी पुढील काळजी घ्यावी:

• मटण पूर्ण शिजवावे. कच्चे मांस हाताळल्यावर हात, सुरी व पाट धुवावेत.
• भाजी-फळे स्वच्छ धुवावीत.
• गरोदर स्त्रीने मांजराची विष्ठा उचलू नये. घरातील दुसऱ्याने ती रोजच्या रोज उचलावी. बाहेर पडल्यावर ती एक ते पाच दिवसांनी घातक बनते.
• मातीत काम केल्यावर साबणाने हात धुवावेत.

रक्ताच्या अहवालात केवळ ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ लिहिले असेल, तर बहुधा ती जुनी, होऊन गेलेली लागण असते. त्याचा अर्थ डॉक्टरांकडून समजून घ्यावा. तेवढ्या कागदावरून सुनेला बोल लावू नये, मांजराला घराबाहेर काढू नये. आणि घरातील कोणाचे मन आजारी असेल, तर जंतू शोधत न बसता त्याला मानसोपचार तज्ज्ञाकडे न्यावे.