ज्येष्ठांचा आरोग्य विमा आणि मनाचे आजार : विमा प्रतिनिधींनी कसे बोलावे?

आपल्या बहुतेक धर्मग्रामांत विमा प्रतिनिधी म्हणून काम करणारी चार-दोन माणसे असतात. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, तर कोणी घर सांभाळून हे काम करणाऱ्या भगिनी. ज्येष्ठांच्या घरी त्यांना परके मानले जात नाही. चहा घेता घेता मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, मोतीबिंदू यांची चौकशी सहज होते. मात्र प्रस्तावपत्रातील मानसिक आजाराचा प्रश्न आला की प्रतिनिधी संकोचतो, समोरची वृद्ध व्यक्ती गप्प होते आणि पुष्कळदा त्या रकान्यात 'नाही' असे लिहून पान उलटले जाते.

हा एक शब्द पुढे फार महाग पडू शकतो. समजा, ६८ वर्षांच्या एका मावशींनी पतीच्या निधनानंतर आठ महिने मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या घेतल्या होत्या. 'ते कशाला लिहायचे? उगाच प्रकरण अडकेल,' असे प्रतिनिधीने सांगितले. दोन वर्षांनी मावशी रुग्णालयात दाखल झाल्या. डॉक्टरांनी पूर्वीच्या उपचारांची नोंद केली आणि विमा कंपनीने ती वाचली. विम्याचा करार परस्परांवरील पूर्ण विश्वासावर उभा असतो. महत्त्वाची माहिती दडवली असे ठरले, तर दावा नाकारला जाऊ शकतो, पॉलिसी रद्दही होऊ शकते. सल्ला प्रतिनिधीचा होता. परंतु सही मावशींची होती. म्हणून मनाच्या आजाराविषयी स्पष्ट आणि आदराने बोलणे हे प्रतिनिधीच्या कर्तव्याचाच भाग आहे.

कायदा काय सांगतो?

पूर्वी अनेक आरोग्य विमा पॉलिसींमध्ये मानसिक आजार सरसकट वगळलेले असत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हे चित्र बदलले. हा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम २१ नुसार शारीरिक आजारांच्या उपचारांसाठी ज्या आधारावर विमा दिला जातो, त्याच आधारावर मानसिक आजारांच्या उपचारांसाठीही तो देणे प्रत्येक विमा कंपनीवर बंधनकारक आहे. विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तशी सूचना दिली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावले.

या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार, मनःस्थिती, आकलन, स्थळकाळाचे भान आणि स्मृती यांतील गंभीर बिघाडाचा उल्लेख आहे. तेव्हा 'मानसिक आजार म्हणजे वेड' ही समजूत कायद्यालाही मान्य नाही. वृद्धापकाळातील तीव्र नैराश्य किंवा स्मृतिभ्रंश यांचा विचार या व्याख्येच्या आधारे करता येतो.

काय मिळते आणि काय मिळत नाही?

कायद्याने समान वागणूक दिली याचा अर्थ सगळा खर्च मिळतो असा नाही. प्रतिनिधीने या बाबी आधीच स्पष्ट कराव्यात.

एक : सर्वसाधारण आरोग्य विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी असतो. मनाच्या आजारांवरील बहुतेक उपचार मात्र दाखल न होता, ठरावीक दिवशी डॉक्टरांना भेटून आणि गोळ्या घेऊन होतात. पॉलिसीत बाह्यरुग्ण उपचारांची सोय नसेल, तर डॉक्टरांची फी, समुपदेशन आणि दरमहाची औषधे यांचा खर्च स्वतःलाच करावा लागेल.

दोन : केवळ देखभालीसाठी ठेवलेली परिचारिका, विश्रांतीसाठी किंवा सांभाळासाठी संस्थेत राहणे यांचा खर्च सहसा मिळत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या घरी सर्वांत मोठा खर्च नेमका हाच असतो. त्याची तरतूद कुटुंबाला वेगळी करावी लागते.

तीन : मद्यपान व अन्य व्यसनांवरील उपचार हा आरोग्य विम्यातील प्रमाणित अपवादांपैकी एक आहे. घरात असा प्रश्न असेल, तर खोटी आशा दाखवू नये.

चार : पूर्वीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ असतो. २०२४ च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. एखाद्या पॉलिसीत तो कमीही असतो.

पाच : ज्येष्ठांच्या पुष्कळ पॉलिसींत खर्चाचा काही वाटा विमाधारकाने उचलायचा असतो. हा वाटा २० टक्के असेल आणि मान्य खर्च ५०,००० रुपये झाला, तर १०,००० रुपये घरातून द्यावे लागतील. टक्केवारी सांगून थांबू नये, रुपयांत हिशेब करून दाखवावा.

बोलावे कसे?

प्रथम वेळ आणि जागा पाहावी. सून, नातवंडे, शेजारी यांच्यासमोर कोणतीही वृद्ध व्यक्ती आपल्या मनाचे दुखणे उघड करणार नाही. 'काका, आता काही खासगी प्रश्न विचारायचे आहेत. आपण दोघेच बोलू या, की मुलीला बसवून घ्यायचे?' असे विचारावे आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा. मुलगा हप्ता भरणार असला, तरी प्रश्न मुलाला न विचारता ज्यांचा विमा आहे त्यांनाच विचारावा. त्यांच्यादेखत 'यांना कधी डोक्याचा त्रास होता का?' असे विचारणे अपमानास्पद आहे.

दुसरे, हा प्रश्न एकट्याने येऊ देऊ नये. रक्तदाब, साखर, हृदय यांच्या ओघातच तो विचारावा. 'हे प्रश्न मी सर्वांनाच विचारतो' एवढे सांगितले, तरी मनावरचा भार हलका होतो.

तिसरे, शब्द साधे असावेत. 'मनोविकार आहे का?' या प्रश्नाला उत्तर 'नाही' असेच येणार. त्याऐवजी असे विचारता येईल : 'झोप नीट लागते का? झोपेसाठी किंवा मन शांत राहावे म्हणून डॉक्टरांनी कधी गोळी लिहून दिली होती का? ती अजून चालू आहे का? विसरण्यासाठी कोणाला दाखवले आहे का?' आपली ज्येष्ठ माणसे नैराश्य हा शब्द क्वचितच वापरतात. 'जीव रमत नाही', 'छातीत धडधडते', 'अन्न गोड लागत नाही' असे ती म्हणतात. गोळ्यांची नावेही पुष्कळांना ठाऊक नसतात. म्हणून औषधांची पिशवी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या पाहाव्यात.

परंतु येथे मर्यादाही ओळखावी. प्रतिनिधी हा डॉक्टर नव्हे. पतीच्या वियोगाने रडणारी स्त्री आजारी आहे, असे त्याने ठरवू नये. प्रस्तावपत्रात निदान, उपचार आणि औषधे यांविषयी जे विचारले आहे, त्याचे खरे उत्तर लिहावे. तर्क लिहू नये आणि खरे असलेले गाळूही नये. अशा भेटीत कळलेली गोष्ट दुसऱ्या घरी उदाहरण म्हणूनही सांगू नये. आपल्या गावांत नाव न घेताही माणूस ओळखू येतो.

चौथे, घाई करू नये. प्रस्तावपत्र बहुधा इंग्रजीत असते. त्यातील मजकूर मराठीत समजावून सांगितल्याची सही करणाऱ्याने तो खरोखरच समजावलेला असावा. ऐकू कमी येत असेल, तर समोर बसून सावकाश बोलावे. मुख्य अटी मोठ्या अक्षरांत मराठीतून एका कागदावर लिहून द्याव्यात. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती पसंत नसल्यास परत करता येते, हेही सांगावे.

खरे सांगितले तर विमा मिळेल का?

ही भीती अनाठायी नाही. कंपनी अधिक कागदपत्रे मागू शकते, हप्ता वाढवू शकते, क्वचित प्रस्ताव नाकारूही शकते. तसे झाल्यास लेखी कारण मागावे आणि दुसऱ्या कंपनीकडे प्रयत्न करावा. २०२४ च्या नियमांनी कंपन्यांनी सर्व वयोगटांसाठी आरोग्य विमा उपलब्ध ठेवणे अपेक्षित आहे. त्यामुळे 'पासष्टीनंतर नवी पॉलिसी मिळतच नाही' ही समजूत सोडून द्यावी. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली, तर त्यानंतर सिद्ध झालेली फसवणूक वगळता माहिती न दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. परंतु हा नियम प्रामाणिक विस्मरणाला आधार देण्यासाठी आहे. जाणूनबुजून लपवणाऱ्याने त्यावर विसंबू नये.

७० वर्षे पूर्ण झालेल्यांना आणखी एक गोष्ट सांगणे प्रतिनिधीचे कर्तव्य आहे, मग त्यात कमिशन नसले तरी. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. खासगी आरोग्य विमा असला तरी ते घेता येते. मानसिक आजारांवरील उपचार कोणत्या रुग्णालयात मिळतील, याची चौकशी आधी करावी. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर शून्य झाला आहे. जुन्या हिशेबावरून हप्ता न परवडणारा ठरवलेल्यांनी पुन्हा विचारणा करावी.

दावा नाकारला गेला तर?

'मानसिक आजार आहे' एवढ्याच कारणावरून दावा नाकारला असेल, तर गप्प बसू नये. नकाराचे लेखी कारण घ्यावे आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. एका महिन्यात उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. लोकपालांची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत. अर्ज लिहिण्यास मदत करणे आणि कागद जुळवणे यांतच प्रतिनिधीची खरी परीक्षा असते. पॉलिसी विकताना वारंवार येणारा माणूस दाव्याच्या वेळी दिसेनासा झाला, तर वृद्ध माणसाला तो नकारापेक्षाही जास्त लागतो.

विम्याचे कागद बाजूला ठेवण्याची वेळ

कधी कधी अशा संभाषणात एखादे आजोबा सहज बोलून जातात, 'आता विमा कशाला? मला जगायचेच नाही.' हे वाक्य हसण्यावारी नेऊ नये. कागद मिटावेत, त्यांचे ऐकून घ्यावे, त्यांना एकटे सोडू नये आणि त्यांच्या विश्वासातील घरच्या माणसाला कळवून डॉक्टरांकडे नेण्यास सांगावे. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तेथे दिवसरात्र बोलता येते. वृद्धापकाळातील नैराश्य हा वयाचा अटळ भाग नाही. त्यावर उपचार आहेत आणि त्यांचा गुणही येतो.

प्रिय वाचकहो, आपण ज्येष्ठ असाल, तर पुढच्या वेळी प्रस्तावपत्रावर सही करण्यापूर्वी आरोग्याविषयीचे पान मोठ्याने वाचून घ्या. आपण मुलगा किंवा मुलगी असाल, तर आईवडिलांच्या पॉलिसीत मानसिक आजारांविषयी काय लिहिले आहे ते या आठवड्यात पाहा. आणि आपण विमा प्रतिनिधी असाल, तर त्या रकान्यापाशी थोडे थांबा. ज्या मावशींनी आठ महिने गोळ्या घेतल्या आणि कोणाला सांगितले नाही, त्यांना 'यात लपवण्यासारखे काही नाही' असे सांगणारे कदाचित आपणच पहिले असाल.