एमबीए: यादी कुठे संपवायची?

ऑगस्टमध्ये कॅटचे अर्ज सुरू होतात. नोव्हेंबरच्या अखेरीस कॅट, डिसेंबरात सिंबायोसिससाठी स्नॅप, जानेवारीत एक्सएलआरआयची एक्सएटी, उन्हाळ्याच्या तोंडावर राज्याची सीईटी आणि मग पावसाळ्यात राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, फेऱ्या. एमबीए करावं असं मनात आलेल्या मुला-मुलींचं वर्ष या वेळापत्रकावर चालतं, आणि वेळापत्रकाचा उतार एकाच दिशेचा असतो. ऑगस्टमध्ये अहमदाबाद आणि बंगळूर डोळ्यांसमोर असतं, जानेवारीत नव्या आयआयएमवर समाधान मानायची तयारी होते, एप्रिलमध्ये 'मुंबई-पुण्यातलं चांगलं काहीतरी' चालतं. जुलै उजाडेपर्यंत ज्या कॉलेजचं नाव वर्षभरापूर्वी ऐकलंही नव्हतं, तिथे चौदा लाखांच्या शुल्काचा पहिला हप्ता भरायची तयारी झालेली असते. क्लासची फी भरून झालेली असते, नातेवाइकांना सांगून झालेलं असतं, काहींनी तर नोकरीचा राजीनामाही दिलेला असतो. इतकं झाल्यावर 'कुठेच नको' असं म्हणणं जवळजवळ अशक्य होतं.

या घसरणीचं मूळ आपण प्रश्न कसा विचारतो यात आहे, असं मला वाटतं. 'एमबीए करावं का' हे आधी ठरवायचं आणि 'कुठे' ते गुणांवर सोडायचं, अशी आपली रीत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एकदा 'हो' आलं की दुसऱ्याचं उत्तर 'जिथे मिळेल तिथे' असंच येतं. प्रत्यक्षात हे दोन प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत. एका कॉलेजसाठी कर्ज काढणं शहाणपणाचं ठरेल आणि दुसऱ्यासाठी त्याच मुलाने नोकरी सोडणं नुकसानीचं ठरेल. म्हणून करायचं की नाही हे प्रत्येक कॉलेजपुरतं वेगळं ठरवायला हवं आणि यादीच्या तळाशी रेघ मारायला हवी. या रेघेच्या खाली प्रवेश मिळाला तरी घ्यायचा नाही. ती रेघ निकालाआधी मारलेली असली पाहिजे, कारण निकालानंतर ती हमखास खाली सरकते.

याला आधार काय? मायकेल स्पेन्स यांनी 1973 मध्ये शिक्षण आणि नोकरी यांच्या नात्याविषयी एक सिद्धान्त मांडला. त्यांना 2001 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच प्रकारच्या कामासाठी. उमेदवार किती सक्षम आहे हे कंपनीला बाहेरून दिसत नाही. त्यामुळे सहजासहजी न मिळणारी पदवी ही त्याच्या क्षमतेची खूण म्हणून वापरली जाते. हे मान्य केलं तर एमबीएच्या किमतीचा मोठा भाग प्रवेशद्वाराशीच ठरतो. 2024 च्या कॅटसाठी सुमारे 3 लाख 29 हजार जणांनी नोंदणी केली आणि 2 लाख 93 हजारांच्या आसपास प्रत्यक्ष बसले. सगळ्या आयआयएमच्या मुख्य दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या जागा मिळून काही हजारच. या चाळणीतून आलेल्याला, संस्थेने काही शिकवलं नाही तरी, कंपनी ओळखते. ज्या कॉलेजात जागा रिकाम्या राहतात आणि येईल त्याला प्रवेश मिळतो, तिथली पदवी ही ओळख देऊ शकत नाही, मग इमारत कितीही वातानुकूलित असो.

दुसरा पुरावा व्यवस्थापनशास्त्राच्या घरातलाच आहे. स्टॅनफर्डचे जेफ्री फेफर आणि क्रिस्टिना फाँग यांनी 2002 मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन लिहिलं की एमबीएची पदवी किंवा त्यात मिळालेले गुण यांचा पुढच्या कारकिर्दीतल्या यशाशी संबंध असल्याचा पुरावा फार थोडा आहे. अपवाद निवडक वरच्या संस्थांचा. बिझनेस स्कूलमध्ये शिकवणाऱ्या प्राध्यापकानेच हे छापलं, म्हणून त्याला वजन आहे. त्यांचा आढावा प्रामुख्याने अमेरिकेचा आहे, हे खरं. पण यादीत खाली गेल्यावर पदवीचा उपयोग एकदम कमी होतो, हा त्यातला मुद्दा आपल्याकडे अधिकच लागू पडतो. कारण आपल्याकडे यादी खाली उतरते त्या प्रमाणात शुल्क मात्र उतरत नाही. अहमदाबादच्या आयआयएमचं दोन वर्षांचं शुल्क पंचवीस लाखांच्या घरात आहे आणि त्यामागे तशी मागणी आहे. मधल्या फळीतली अनेक खासगी कॉलेजं त्याच्या निम्मं किंवा त्याहूनही जास्त घेतात. तिथे भेटीला येणाऱ्या कंपन्या मात्र निम्म्या दर्जाच्याही नसतात.

आता साधा हिशेब. समजा, वर्षाला साडेचार लाखांची नोकरी आहे आणि हातात महिन्याला तेहतीस-चौतीस हजार येतात. ती सोडून चौदा लाख खर्चाच्या कॉलेजात जायचं, त्यातले बारा लाख कर्ज. साडेदहा टक्के दराने सात वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता वीस हजारांच्या वर जातो, आणि शिकत असताना साचलेलं व्याज त्यात धरलेलं नाही. कॉलेजातल्या मधल्या विद्यार्थ्याला सात लाखांचं पॅकेज मिळालं तर हातात पन्नास हजारांच्या आत-बाहेर पडतात. हप्ता वजा जाता उरतात तीस हजार. म्हणजे दोन वर्षं शिकून, नऊ लाखांचा पगार सोडून, पगार वाढेपर्यंत हातात आजच्यापेक्षा कमी पैसे, त्यातही पुण्या-मुंबईचं घरभाडं. नोकरीत राहिला असता तर या दोन वर्षांत पगार वाढला असता, तो फरक वेगळाच. याच हिशेबात पॅकेज पंधरा लाखांचं घाला, चित्र पूर्ण पालटतं. निर्णय या एका आकड्यावर फिरतो, म्हणून तो आकडा खरा मिळवणं हेच या सगळ्यातलं मुख्य काम.

आणि तो जाहिरातीत मिळत नाही. होर्डिंगवर झळकणारं 'सर्वाधिक पॅकेज' एका विद्यार्थ्याचं असतं. सरासरीही दोन-चार मोठ्या आकड्यांनी फुगते. पाहायचा तो मध्यक, म्हणजे रांगेतल्या मधोमध उभ्या असलेल्याचा पगार. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी संस्था जी माहिती भरतात, ती 2016 पासून जाहीर होते आणि संस्थांच्या संकेतस्थळांवरही मिळते. मंजूर जागा किती, वेळेत उत्तीर्ण किती, नोकरी किती जणांना लागली, मध्यक पगार किती, हे त्यात वर्षागणिक दिलेलं असतं. माहिती संस्थांनीच भरलेली असते, त्यामुळे ती डोळे झाकून घेऊ नये. तरी माहितीपत्रकातला आकडा आणि सरकारकडे भरलेला आकडा शेजारी ठेवून पाहिला तरी बरंच उमगतं. पॅकेज म्हणजे सीटीसी, आणि त्यात भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम, एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस असं सगळं कोंबलेलं असतं. 'शंभर टक्के प्लेसमेंट'मधले शंभर म्हणजे कोण, हेही विचारावं. अनेकदा प्लेसमेंटच्या प्रक्रियेतून बाहेर पडलेल्यांना त्यात मोजलेलंच नसतं. त्याहून चांगला मार्ग म्हणजे तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तुकडीतले वीस-पंचवीस जण लिंक्डइनवर शोधून ते आज कुठे, कोणत्या कामावर आहेत ते पाहणं. 'मॅनेजर' या शब्दाखाली विम्याच्या पॉलिसी विकण्याचं काम असेल तर ते तिथे दिसतं.

रेघ मारायची म्हणजे क्रमवारीतला अमुक नंबर धरून बसायचं, असा याचा अर्थ नाही. दर्जा आणि खर्च यांचं प्रमाण पाहायचं. इथे महाराष्ट्रातल्या मुलांना एक फायदा आहे, त्याकडे दुर्लक्ष होतं. चर्चगेटचं जमनालाल बजाज, जे मुंबई विद्यापीठाने 1965 मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने सुरू केलं, सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था, पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग अशा ठिकाणचं शुल्क मोठ्या खासगी संस्थांच्या मानाने बरंच कमी आहे आणि कॅपमधल्या बहुसंख्य जागा राज्यातल्या उमेदवारांसाठी आहेत. कॅपमधून प्रवेश घेतला तर राजर्षी शाहू शिष्यवृत्तीसारख्या सवलतींसाठी अर्ज करता येतो, आणि 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र प्रवर्गांतल्या मुलींना शुल्कमाफीही आहे. संस्थेच्या कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात गेलं की हे दार बंद होतं. म्हणून एकच मुलगी एखाद्या सरकारी संस्थेसाठी रेघ खूप खाली नेऊ शकते आणि खासगी संस्थेसाठी तिने ती वरच थांबवायला हवी.

काय काम करायचं आहे हे ठरलेलं असेल तर यादी आणखी बदलते. मनुष्यबळ विकास हवा असेल तर देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था अनेक आयआयएमच्या वर जाईल. उत्पादन आणि पुरवठा साखळीसाठी पवईची जुनी निटी, जी 2023 पासून आयआयएम मुंबई झाली. दूधसंघ, साखर कारखाने, शेतमाल यांच्या जगात जायचं तर आणंदची इर्मा किंवा पुण्याची वैकुंठ मेहता संस्था. नुसता 'एमबीए इन मार्केटिंग' असा शब्द डोक्यात असेल तर अजून काही ठरलेलंच नाही, असं समजावं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की शिक्षण पगारात मोजू नये. मान्य. पण शिकण्यासाठीच शिकायचं तर ताळेबंद वाचणं, संख्याशास्त्र, बाजाराचा अभ्यास हे आज नोकरी न सोडता आणि फार खर्च न करता शिकता येतं. चौदा लाख मागणारी संस्था नोकरीचंच आश्वासन विकत असते, तेव्हा नोकरीच्याच मापाने तिला मोजणं गैर नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नांदेडच्या किंवा गडहिंग्लजच्या मुलाला घरातून ओळखीपाळखी मिळत नाहीत, इंग्रजीचा सराव नसतो. त्याला एमबीए हीच शिडी, मग त्याला 'थांब' म्हणणारे आपण कोण? अमेरिकेतल्या पदवी शिक्षणावर स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी 2002 मध्ये केलेल्या अभ्यासात असं दिसलं की सारख्याच कुवतीच्या विद्यार्थ्यांत नामवंत कॉलेजला गेल्याने पुढच्या मिळकतीत फारसा फरक पडत नाही, पण गरीब घरातून आलेल्यांना मात्र पडतो. व्यवस्थापन शिक्षणाला हे जसंच्या तसं लावता येणार नाही. तरी दिशा पटण्यासारखी आहे: ज्याच्या पाठीशी काही नाही, त्याला चांगल्या संस्थेचा उपयोग सर्वांत जास्त. पण सुमार संस्थेतला फटकाही त्यालाच सर्वांत जास्त. कारण कर्ज बुडालं तर सावरायला घरात काही नसतं. त्यामुळे अशा मुलाने यादी वरच्या बाजूने लांब करावी, सवलतीच्या सगळ्या जागांना अर्ज करावेत, आणि तळाची रेघ इतरांपेक्षा कडक ठेवावी.

तिसरा आक्षेप मुलींच्या घरांतून येतो: यंदा गेली नाही तर लग्नाचं पाहतील, पुन्हा संधी नाही. ही भीती खोटी नाही आणि ती आकड्यांनी जाणारही नाही. एवढंच म्हणता येईल की ज्या नोकरीतून मुलगी आज स्वतःचा पगार आणते, तीच तिची सर्वांत मोठी ढाल आहे. ती सोडून डोक्यावर हप्ता घेतलेली मुलगी घरच्यांपुढे अधिक मोकळी होत नाही. आणि 'वर्ष वाया जाईल' म्हणणाऱ्यांना हे सांगावं की आयएसबीसारख्या संस्था आपल्या मुख्य अभ्यासक्रमासाठी किमान दोन वर्षांचा नोकरीचा अनुभव मागतात.

राहता राहिलं नशीब. स्टॅनफर्डच्या एमबीएधारकांवर पॉल ओयर यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की शिकत असताना शेअर बाजार चढा असला की अधिक जण वॉल स्ट्रीटवर जातात आणि बरेचसे तिथेच टिकतात. बाहेर पडण्याचं वर्ष आपल्या हातात नसतं. हार्वर्डच्या 2024 च्या तुकडीत नोकरी शोधणाऱ्यांपैकी तेवीस टक्क्यांना तीन महिन्यांनंतरही ती मिळालेली नव्हती. हार्वर्डच्या विद्यार्थ्याला हा धक्का पेलवतो. तशाच वर्षी आपल्याकडच्या अनोळखी कॉलेजातून बाहेर पडलेल्याचं काय होत असेल, याचा विचार रेघ मारताना करावा.

तेव्हा अर्ज भरण्याआधी, ऑगस्टमध्येच, कागदावर पाच-सात नावं लिहा, प्रत्येकापुढे मध्यक पगार आणि एकूण खर्च मांडा, आणि शेवटच्या नावाखाली रेघ मारा. कर्जावर सहकर्जदार म्हणून आई किंवा वडील सही करणार असतील, तर तो कागद त्यांनाही दाखवा. रेघेच्या वर काही मिळालं नाही तर नोकरीवर जात राहा. कॅट दरवर्षी होते. तिला वयाची अट नाही आणि ती किती वेळा द्यावी यावर मर्यादाही नाही.