पहिला रेडिओ घेण्याआधी गच्ची पाहा

हौशी रेडिओकडे वळणारा जवळपास प्रत्येक जण आधी एकच विचारतो: कोणता सेट घेऊ? खिशात आठ-दहा हजार रुपये असतात. बाजारात तीन-चार हजारांच्या हँडसेटपासून लाखाच्या घरातल्या सेटपर्यंत सगळे दिसते आणि माणूस गोंधळून जातो. ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत राहणाऱ्याने त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. आपली इमारत किती मजल्यांची? आणि सोसायटी गच्चीवर एक काठी उभी करू देईल का? पैसे कुठे घालायचे ते या उत्तरांवर ठरते. मोजक्या पैशात हवेवर यायचे असेल तर खर्चाचा क्रम परवाना, अँटेना, केबल आणि मग सेट असा असावा. बहुतेक जण नेमके उलटे करतात.

परवाना: सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी

भारतात हा परवाना दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन शाखा, म्हणजेच डब्ल्यूपीसी देते. मूळ नियम १९७८ चे आहेत. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही परीक्षेला बसता येते. रेडिओचे तंत्र आणि रेडिओचे नियम असे अभ्यासाचे दोन भाग असतात. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही. जनरल श्रेणीसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या गतीने मोर्स यावे लागते. अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवर करता येतो. वीस वर्षांच्या परवान्याचे शुल्क १००० रुपये आणि आजीवन परवान्याचे २००० रुपये. इतक्या कमी पैशात जन्मभराची कॉलसाइन मिळते. रिस्ट्रिक्टेडची ‘व्हीयू३’ने सुरू होते, जनरलची ‘व्हीयू२’ने.

परवाना हातात येईपर्यंत प्रक्षेपण करणारा सेट विकत घेऊ नये. स्वस्त हँडसेट बहुधा १३६ ते १७४ आणि ४०० मेगाहर्ट्झच्या वरच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात बोलू शकतात. आपल्याला मात्र त्यातले १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ एवढेच तुकडे मिळालेले आहेत. उरलेल्या जागेत पोलीस, जहाजे आणि इतर सेवांचे संदेश चालतात. तिथे चुकून दाबलेले बटणही गुन्हा ठरते. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने परवान्याची माहिती न देता वॉकीटॉकी विकणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठांना नोटिसा पाठवल्या, त्या याच कारणाने.

उंचीचे गणित

१४५ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्याने त्यांनाही क्षितिज असते. ते किती दूर, हे काढायला सोपे सूत्र आहे: अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ घ्या आणि त्याला ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येते. रस्त्यावर उभ्या माणसाच्या हातातला सेट जमिनीपासून दीड मीटरवर असतो, म्हणजे त्याचे क्षितिज पाच किलोमीटर. आठ मजली इमारतीच्या गच्चीवर, पंचवीस मीटरवर, तेच साडेवीस किलोमीटर होते. दोन्ही बाजूंना अशा गच्च्या असतील तर एकेचाळीस किलोमीटर. ठाणे ते डोंबिवली सरळ रेषेत सुमारे बारा किलोमीटर आणि ठाणे ते कल्याण सुमारे सतरा.

कागदावर हे फार सोपे दिसते. प्रत्यक्षात मध्ये पारसिकचा डोंगर आहे, मुंब्र्याचे कडे आहेत आणि दाटीवाटीने उभे असलेले टॉवर आहेत. तरीही तळमजल्यावरून दोन-तीन किलोमीटरही न जाणारा आवाज गच्चीवरून बऱ्याचदा पलीकडे पोहोचतो. इथे जास्त वॅटचा सेट फारसा उपयोगी पडत नाही. सेटवर येणारा संकेत किती जोरदार आहे हे ‘एस-मीटर’ दाखवतो. त्यावर एक पायरी चढायची तर शक्ती चौपट करावी लागते. म्हणजे पाच वॅटचा सेट बदलून वीस वॅटचा घेतला, तर पलीकडच्या माणसाच्या मीटरचा काटा एकच घर सरकतो. तोच पाच वॅटचा सेट घरातून गच्चीवर नेला, की काटा अनेक घरे सरकतो.

अठ्ठेचाळीस-पन्नास सेंटिमीटरची करामत

तीनशेला मेगाहर्ट्झने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. १४५ मेगाहर्ट्झची येते सुमारे २.०७ मीटर. तिचा चौथा भाग, प्रत्यक्षात थोडा आखूड म्हणजे एकोणपन्नास सेंटिमीटरच्या आसपास, ही अँटेनाची नैसर्गिक लांबी. हँडसेटसोबत येणारी रबरी शेपटी जेमतेम पंधरा सेंटिमीटरची असते. आत तारेचे वेटोळे घालून ती विजेच्या दृष्टीने लांब केलेली असते, पण सेटची बरीच शक्ती तिच्यातून लहर बनून बाहेर पडतच नाही.

उत्तम पर्याय घरी बनतो. एक एसओ-२३९ सॉकेट, मध्ये उभी एकोणपन्नास सेंटिमीटरची पितळी किंवा तांब्याची सळई आणि चार कोपऱ्यांना साधारण एकावन्न सेंटिमीटरच्या चार सळया, खाली पंचेचाळीस अंशांत वाकवलेल्या. या वाकवण्यामुळे अँटेनाचा विद्युत्-रोध पन्नास ओहमच्या जवळ येतो आणि केबलशी तिचे जुळते. सामान ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर मिळते. खर्च काही शेकड्यांत भागतो.

केबलचा हिशेब मात्र सोडू नये. बारीक आरजी-५८ केबल गळक्या नळासारखी आहे: १४५ मेगाहर्ट्झवर तिच्या पंधरा मीटर लांबीतच जवळपास अर्धी शक्ती उष्णता होऊन जाते. ४३५ मेगाहर्ट्झवर नुकसान त्याहून जास्त. म्हणून चौथ्या मजल्यावरच्या घरातून गच्चीपर्यंत लांब केबल ओढायची असेल, तर जाड, कमी नुकसानीच्या केबलवर पैसे घाला. पावसाळ्याआधी प्रत्येक जोड स्वतःशीच चिकटून एकजीव होणाऱ्या रबरी टेपने गुंडाळा. केबलमध्ये एकदा पाणी शिरले की ती वाळवून सुधारत नाही. विजा चमकू लागल्या की केबल सेटपासून सोडवून ठेवायची, हा नियम कधीही मोडू नये.

मग कोणता हँडसेट?

शिकण्यासाठी पाच वॅटचा दोन पट्ट्यांचा साधा हँडसेट पुरेसा आहे. त्याच्या मर्यादा मात्र आधीच माहीत असाव्यात. अशा सेटमध्ये सगळा रेडिओ एका चिपवर असतो आणि बाहेरच्या नको त्या संकेतांना अडवणारी गाळणी जुजबी असते. त्यामुळे शहरातल्या गच्चीवर, मोबाईल टॉवरच्या शेजारी, मोठी अँटेना लावताच तो गोंधळतो आणि दुबळे संकेत ऐकूच येईनासे होतात. त्यातून बाहेर पडणाऱ्या लहरीही नेहमी स्वच्छ नसतात. मूळ वारंवारितेच्या दुप्पट-तिप्पट ठिकाणी अवांछित अंश सांडतात.

म्हणून गच्ची चांगली असेल तर नव्या स्वस्त हँडसेटपेक्षा एखाद्या जुन्या हॅमने, म्हणजे हौशी रेडिओवाल्याने, वापरलेला, गाडीत बसवण्याचा चांगल्या बनावटीचा सेट बरा पडतो. घेताना तो डमी लोडवर चालवून शक्ती मोजा, माइकचे बटण आणि सगळ्या खुंट्या तपासा, बिल आणि परवान्याची कागदपत्रे पाहा. सेट देणारा माणूस बहुतेक वेळा पहिला गुरूही होतो.

सह्याद्रीच्या पलीकडे

ठाण्याहून पुण्याशी बोलायचे तर मध्ये सह्याद्री आडवा येतो. इथे ७ मेगाहर्ट्झचा, म्हणजे चाळीस मीटरचा पट्टा कामी येतो. या लहरी वर जातात, दोनशे-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरातून वळून परत खाली येतात आणि डोंगर पार करायची गरजच उरत नाही. दिवसा पुणे, सोलापूर, पावणेसातशे किलोमीटरवरचे नागपूर असा सगळा महाराष्ट्र यात येतो.

या पट्ट्याचे मुंबईशी जुने नाते आहे. १९४२ मध्ये भूमिगत ‘काँग्रेस रेडिओ’ ४२.३४ मीटरवर बोलत असे. हिशेब केला तर ही वारंवारिता सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येते. आज हौशी रेडिओला दिलेल्या ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झच्या आतच. नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञाने उभारलेले ते यंत्र उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईतल्या घरांमधून, जागा बदलत चालवत होते. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी ते बंद पाडले. राहत्या घरातून साऱ्या देशापर्यंत पोहोचायला योग्य पट्टा निवडणे किती महत्त्वाचे, हे त्या तरुणांनी दाखवून दिले होते.

आज या पट्ट्यावर स्वस्तात यायची वाट एका भारतीयानेच मोकळी केली आहे. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी २००३ मध्ये ‘बिटएक्स’ या सेटचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. सहज मिळणारे ट्रान्झिस्टर आणि गुंडाळ्यांसाठी चक्क नळाचे वॉशर अशी त्याची रचना होती. पुढे तयार बोर्ड आले. २०१७ च्या अखेरीस आलेल्या ‘मायक्रोबिटएक्स’ने तीन ते तीस मेगाहर्ट्झचे सगळे पट्टे काही हजारांत आणले. त्याला अँटेना म्हणून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटरची साधी तार पुरते. गच्चीवर मध्ये एक बांबू उभारून ती उलट्या ‘व्ही’सारखी बांधता येते.

शहरात या पट्ट्यावरचा खरा शत्रू म्हणजे खरखर. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर सगळे ती निर्माण करतात. पैसे घालण्याआधी सेलवरचा साधा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर दोन केंद्रांच्या मधल्या जागी लावून घरभर फिरा. तो कुठे जास्त खरखरतो ते कळले की दोषी चार्जर सापडतो.

परवाना येईपर्यंत ऐका

तोवरचे महिने वाया घालवू नयेत. टीव्हीसाठी बनलेल्या यूएसबी डाँगलमधली आरटीएल२८३२यू ही चिप संगणकाला रेडिओ बनवू शकते, हे २०१२ मध्ये उघड झाले आणि ऐकण्याचा खर्च दोन-चार हजारांवर आला. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर तर २००८ पासून इंटरनेटवरून फुकट ऐकता येतो. चारशे किलोमीटरवरून जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा १४५.८०० मेगाहर्ट्झवरचा संकेत गच्चीतल्या साध्या अँटेनालाही मिळतो. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, किलोभरापेक्षाही हलका ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने अवकाशात गेला, तो हौशी रेडिओचे संदेश पोहोचवण्यासाठीच.

बॅटरी विसरू नका

२६ जुलै २००५ रोजी उल्हास नदी फुगली, कल्याण-बदलापूर पाण्याखाली गेले, वीज गेली आणि मोबाईल बंद पडले. अशा वेळी रेडिओ काय करू शकतो, हे त्याच्या सात महिने आधीच दिसले होते: २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचा हॅम चमू योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये होता. अंदमानातून बाहेर गेलेल्या पहिल्या निरोपांमध्ये त्यांच्या रेडिओचे निरोप होते. म्हणून यादीत बारा व्होल्टची बॅटरी हवीच. वीज असतानाच चालणारा सेट पुराच्या दिवशी मुका असतो.

दहा हजारांची वाटणी मग अशी होते: परवान्याला एक ते दोन हजार, अँटेना आणि चांगल्या केबलला तीन हजार, बॅटरीला हजार-दीड हजार आणि उरलेल्यात सेट. दोन वर्षांनी यातला सेट बदलावासा वाटेल आणि बदलावाही. परवाना, गच्चीवरची अँटेना, केबल आणि कान लावून ऐकायची सवय मात्र पुढच्या प्रत्येक सेटला तशीच उपयोगी पडेल. त्यामुळे या रविवारी दुकानाआधी सोसायटीच्या सचिवांना भेटा.