पट्टे कुठून सुरू होतात?

पाऊस पडून गेला की ओसरीतल्या दिव्याभोवती किडे जमतात, किड्यांमागे पाली येतात आणि पालींमागे कवड्या साप.  जुन्या गावांत दगडमातीच्या भिंतींच्या सांदी या सापाला फार मानवतात. हात-दीड हात लांबी, तपकिरी अंग, त्यावर पांढरे पट्टे. कुणीतरी ओरडतं, ‘मण्यार!’ आणि काठी पडते.

कवड्या बिनविषारी आहे. तरी ओरडणाऱ्याला नावं ठेवता येत नाहीत. मण्यारही रात्रीच फिरते, घरात शिरते, तिचंही अंग गुळगुळीत आणि तिच्यावरही पांढरे पट्टे. विषारी प्राण्याचं रूप घेऊन निरुपद्रवी प्राणी शिकाऱ्यांपासून वाचतात, ही गोष्ट हेन्री बेट्स यांनी अॅमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून 1862 मध्ये मांडली. कवड्याचं मण्यारीशी असलेलं साम्यही याच प्रकारचं मानलं जातं. माणसापुढे मात्र तेच रूप त्याच्या जिवावर उठतं.

दोघांमधला फरक पट्ट्यांच्या मांडणीत आहे. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात. तिथं ते ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. कुशीवर प्रत्येक पट्टा फुटून त्याचा त्रिकोण होतो. मण्यारीचं उलट. तिची मान आणि पुढचा भाग बहुधा कोरा काळा, निळसर झाक असलेला. पट्टे थोडं मागून सुरू होतात, बारीक आणि बऱ्याचदा जोडीजोडीने, आणि शेपटीकडे ते अधिक स्पष्ट दिसतात. शिवाय तिच्या पाठीच्या कण्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची एक सरळ ओळ असते. कवड्याला ती नसते. सर्पमित्र फोटो मोठा करून आधी हीच ओळ शोधतात.

एवढं पाठ केलं तरी घात होऊ शकतो. मण्यारीच्या पिल्लाचे पट्टे डोक्याच्या जवळूनच सुरू झालेले असू शकतात. म्हाताऱ्या मण्यारीचे पट्टे पार पुसट होतात. पट्टेरी कवड्या ही कवड्याची दुसरी जात तर चक्क काळी असते. म्हणजे नुसत्या रंगावर विसंबणं सगळ्यात धोक्याचं.

विषारी घोणस ओळखतानाही अशीच गफलत होते. तिच्या पाठीवर काळ्या कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, साखळी ओवल्यासारख्या. अजगराच्या पिल्लाचे डाग वेडेवाकडे, एकाला दुसऱ्याचा आकार नाही. डुरक्या घोणशीचेही तसेच. तिची शेपटी आखूड आणि बोथट असते आणि ती बिनविषारी आहे. पण नावातच घोणस असल्याने ती हकनाक मरते. विषारी फुरसं आणि त्याच्यासारखा दिसणारा मांजऱ्या यांच्यात डोक्यावरची खूण पाहतात: फुरशाच्या डोक्यावर बाणासारखी, मांजऱ्याच्या डोक्यावर इंग्रजी वायसारखी. अंगाने फुरसं आखूड, जाडसर; मांजऱ्या लांब, सडपातळ, झाडाझुडपांवर चढणारा. नाग आणि धामण यांच्यात तर रंगाचा काही उपयोगच नाही. नाग गव्हाळ असतो तसा काळाही असतो, आणि फणा काढेपर्यंत तो धामणीसारखाच दिसू शकतो.

अमेरिकेत पोवळा साप ओळखायला मुलांना एक यमक शिकवतात: कोणत्या रंगाचा पट्टा कोणत्या रंगाला लागून आहे ते बघा. पण दक्षिण अमेरिकेतल्या त्याच्याच भाऊबंदांना ते यमक लागू पडत नाही. आपल्याकडेही कुणी असं एका ओळीत बसणारं सूत्र सांगितलं, तर त्यावर भरवसा ठेवू नये.

कवड्याला मण्यार समजलं तर एक साप मरतो, आणि तेही वाईटच. मण्यारीला कवड्या समजून हाताने उचललं तर माणूस मरतो. ती बरेचदा जमिनीवर झोपलेल्यालाच चावते. दंश मुंगी चावल्याएवढाही जाणवत नाही, सूजही फारशी येत नाही. पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या जड होतात आणि मग श्वास अडतो. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, असा अंदाज 2020 च्या एका अभ्यासात मांडला आहे. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. खरिपाचे, शेतात राबायचे हेच महिने.

म्हणून साप दिसला तर लांबूनच बघा, जमल्यास लांबूनच फोटो काढा आणि सर्पमित्राला बोलवा. आणि दंश झालाच, तर साप शोधण्यात, मारण्यात, मांत्रिकाकडे जाण्यात एक मिनिटही घालवू नका. 108 ला फोन करून थेट दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर दवाखान्यात एकच प्रतिविष देतात. साप बरोबर नेला नाही म्हणून उपचार अडत नाहीत.