पगार दहाला, चूल रोजची

मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२३ साली कामगारांच्या घरखर्चाचा एक अहवाल छापला. फिंडले शिरास या अधिकाऱ्याने शहरातल्या सुमारे अडीच हजार कामगार कुटुंबांचा जमाखर्च गोळा केला होता. कमाईतला निम्म्याहून जास्त पैसा पोटालाच लागत होता. एवढं करूनही कामगाराच्या ताटात पडणारं धान्य दुष्काळी कामावरच्या माणसाला नियमाने मिळणाऱ्या कमाल शिध्याएवढंच होतं आणि तुरुंगातल्या कैद्याला ठरवून दिलेल्या धान्याहून कमी. याच अहवालात आणखी एक नोंद आहे. शंभरातली ४७ कुटुंबं कर्जात होती आणि कर्ज साधारण अडीच महिन्यांच्या कमाईइतकं होतं. व्याजाचा रिवाज रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के.

कैद्याची तुलना पुष्कळांनी उद्धृत केली. कर्जाचा आकडाही अनेकांनी दिला. मला हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावेसे वाटतात, कारण ते एकाच चुलीवरचे आहेत. खोलीचं भाडं थकवलं तर वसुलीचा भैया दारात येतो, गावची मनीऑर्डर चुकली तर म्हाताऱ्या आईबापांची चूल अडते, सावकाराचं व्याज चुकलं तर तो पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकावर उभाच असतो. हात आखडता घेता येतो तो फक्त किराण्यात. तिथे कमी पडलं तर विचारायला कोणी येत नाही. गिरणगावाच्या इतिहासात पगार, बोनस, संप आणि पुढाऱ्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलं. कर्ज मात्र बाईने डाळीतून आणि तेलातून फेडलं, ते फारसं कोणी लिहून ठेवलं नाही.

कर्ज व्हायचं कशाने? साहेबलोकांचं उत्तर तयार असे: लग्नं, मयतं, दारू. लग्न-मयताला पैसा लागायचा हे खरंच आहे. पण पहिलं कर्ज पुष्कळदा कामावर लागल्या लागल्याच व्हायचं. पगार महिन्याचा आणि तोही महिना उलटून दहा-पंधरा दिवसांनी. कोकणातून किंवा घाटावरून आलेला गडी एक तारखेला कामाला लागला तर पहिला पैसा हातात पडायला दीड महिना जाई. त्याआधी कामगार भरती करणाऱ्या जॉबरचा हात ओला करावा लागे, आणि पुष्कळदा व्याजाने पैसे देणारा तोच जॉबर असे. त्या दीड महिन्याचं खाणं कुठून यायचं? वाण्याकडून. अहमदाबादच्या गिरण्यांत पंधरवड्याला हप्ता मिळे, मुंबईत महिना थांबायचं. १९३६ च्या पेमेंट ऑफ वेजेस ॲक्टने मालकांना तारीख बांधून दिली: हजारापेक्षा कमी कामगार असतील तर महिना संपल्यावर सात दिवसांत पगार, त्याहून मोठ्या कारखान्यांना दहा दिवसांत. या कायद्याचं श्रेय द्यायलाच हवं. तरी दहा तारखेचा पगार मागच्या महिन्याच्या उधारीत जाणार आणि अकरा तारखेपासून वाण्याच्या वहीत नवं पान सुरू होणार, हे चक्र काही थांबलं नाही.

वहीचा व्यवहार नीट बघण्यासारखा आहे. उधारीवरचं गिऱ्हाईक शेरावर, किलोवर माल घेत नसे, पैशावर घेई. चार आण्याचं तेल, दोन आण्याची साखर, आण्याचा चहा. गळ्याला सुतळी बांधलेली बाटली घेऊन पोर दुकानात जाई, वाणी पळीने तेल ओती, वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी बांधी आणि वहीत एक ओळ लिही. व्याज असं वेगळं लावलेलं नसे. ते भावात असायचं, मापात असायचं, तांदळातल्या खड्यांत असायचं. रोखीवाल्याला दादर-परळच्या दुकानांतून भाव काढत फिरता येई. ज्याचं नाव वहीत आहे त्याला दुसऱ्या दुकानाची पायरी चढणं बंद, कारण तसं दिसलं तर वाणी आधी मागची बाकी मागणार. शिवाय थोडं थोडं घेतलेलं नेहमीच महाग पडतं. म्हणून गरिबाला तीच तूरडाळ खात्यापित्या घरापेक्षा चढ्या भावाने मिळे. पण वाण्याला नुसता खलनायक करून भागत नाही. आजारपणात, संपात, खाड्यांच्या महिन्यात त्यानेच घरं जगवली आणि त्याचेही पैसे बुडाले.

या कात्रीत घर चालवायचं म्हणजे काय, ते गिरणगावातल्या बायकांना विचारावं. दहा ते वीस तारखेपर्यंत डाळ-भात, नंतर आमटी पातळ होत जाणार, शेवटच्या आठवड्यात गावाहून आलेल्या कुळथाची पिठी आणि सुकट. मे महिन्यात गावी गेलेलं माणूस येताना तांदूळ, कुळीथ, सोलं, सुके बोंबील बांधून आणी; शहराच्या अंदाजपत्रकात हा माल कुठेच दिसत नसे. रात्रपाळीच्या माणसाला आधी वाढायचं, मग मुलांना, उरलं ते आपल्याला. त्या सगळ्याला काटकसर म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते कर्जाच्या हप्त्यातच धरावंसं वाटतं.

मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. भाव बांधलेला, माप सरकारी, मोठाच दिलासा होता. मात्र रेशनला रोकड लागे. आठवड्याचं धान्य आलं आणि हातात पैसे नसले की पावलं पुन्हा वाण्याकडेच.

१९७२ च्या दुष्काळानंतरची दोन-तीन वर्षं या साऱ्याला वेगळं वळण देणारी ठरली. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे लाल ज्वारी, आला, तेल आणि डालडा दुकानांतून गडप झाले, रॉकेलच्या रांगा लागल्या. १९७३-७४ मध्ये महागाईचा दर वीस टक्क्यांच्या वर गेला. तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या आणि महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीचे मोर्चे निघाले. लाटणी हातात, थाळ्यांचा कडकडाट. मला त्या मोर्च्यांचं मोठेपण याच्यात वाटतं की डब्यात तेल का नाही हा प्रश्न तोवर बाईच्या हुशारीचा समजला जात होता. तो या बायकांनी मंत्र्यांच्या दारात नेऊन ठेवला.

त्याच काळात ग्राहक पंचायत उभी राहिली: पुण्यात बिंदुमाधव जोशींच्या पुढाकाराने १९७४ साली, मुंबईत १९७५ साली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याचं सामान घाऊक बाजारातून एकदम आणायचं आणि वाटून घ्यायचं. दलाली वाचली, भेसळ टळली. कल्पना उत्तमच होती, फक्त महिन्याचे पैसे एकरकमी हातात असणाऱ्या घरांना ती जास्त सोयीची होती. वहीत अडकलेल्या घराला ती परवडेना.

त्या घरांपर्यंत पोचल्या त्या प्रेमा पुरव. गोवा मुक्तिसंग्रामातून आलेल्या आणि गिरणी कामगारांच्या चळवळीत मुरलेल्या प्रेमाताईंचं लक्ष खाणावळवाल्यांकडे गेलं. एकट्या राहणाऱ्या कामगारांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या या बायका पगाराच्या दिवशी पैसे घेत आणि महिनाभर वाण्याचा माल उधारीने उचलत. म्हणजे कामगाराला महिनाभर उधारीवर जेवू घालणारी हीच बाई आणि वाण्याच्या वहीत नाव असलेलीही हीच बाई. गिरण्यांच्या १९७३-७४ च्या संपात जेवणाचे पैसे येईनात, तरी बहुतेकींनी ताट थांबवलं नाही. भांडी आणि मंगळसूत्रं गहाण पडली. १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झालं. बायकांचे गट करायचे, एकमेकींना एकमेकींनी जामीन राहायचं आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज काढायचं. बँकेला तोवर खाणावळ हा धंदाच वाटत नव्हता. कर्जाची रक्कम लहान, पण तिच्यातून पोतंभर तांदूळ रोखीने घेता येई. रोखीने घेतलं की भाव करता येतो, माल पारखता येतो, नको असलेला परत करता येतो. त्याच्या आधी, १९५९ साली, गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जतचं काम सुरू केलं होतं. तिथेही पापड आणून दिले की लाटणावळ हातात पडे. रोजच्या खर्चाला रोजचा पैसा, एवढी साधी सोय गिरणीने शंभर वर्षांत केली नव्हती.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणं, औद्योगिक संबंध कायदा रद्द करणं अशा मागण्या होत्या. सुरुवातीला वाण्यांनी निभावून नेलं, खेड्यांतून धान्य आलं, युनियनने ते वाटलं. महिने उलटत गेले तशा वह्या बंद झाल्या. कुटुंबं गावी गेली, राहिलेल्या बायका धुणीभांडी करू लागल्या. कामगारांचे गाळे रिकामे पडले तशा पुष्कळ खाणावळींच्या चुली विझल्या. संप कधी रीतसर मागेच घेतला गेला नाही, त्यामुळे देणं चुकवायला आजपासून सुरुवात करू असा दिवसही उजाडला नाही. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, स्वेच्छानिवृत्तीचे पैसे आले, आणि अनेक घरांत त्यातला पहिला वाटा जुनी देणी फेडण्यात गेला.

शिरासच्या पाहणीनंतर कामगारांच्या घरखर्चाचे अभ्यास आणखी झाले, पण उधारीचा हिशेब आतून दाखवणारे कागद घराघरांत आहेत: वाण्यांच्या वह्या, खाणावळींचे जमाखर्च, बँकेच्या हप्त्यांची पासबुकं. परळ, लालबाग, शिवडीच्या चाळींतल्या माळ्यांवर त्यांतले काही नक्कीच उरले असतील. पुनर्विकासात खोली रिकामी करताना आधी भंगारात जातात ते हेच कागद. ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते टाकू नयेत, आणि कामगार चळवळीचे दस्तऐवज जपणाऱ्या संस्थांनी पुढच्या वर्षाची वाट न बघता दारोदार जाऊन मागून आणावेत.