पैलवानाचा खुराक, कारकुनाची खुर्ची

गळीत हंगाम तोंडावर आला की कोल्हापूर जिल्ह्यात साखरेखेरीज दुसरा विषय नसतो. पहिली उचल किती, उतारा किती, एफआरपी एकरकमी की हप्त्यांनी, यावर जयसिंगपूरच्या ऊस परिषदेपासून गावच्या पारापर्यंत खल चालतो. आणि तो चालावयासच हवा, कारण हजारो घरांची चूल त्यावर पेटते. परंतु कारखान्याच्या गोदामातून निघालेले पोते अखेर ज्या गोदामात रिते होते, त्या मानवी शरीराचा हिशेब या चर्चेत कोणी मांडीत नाही. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने वैद्यकाच्या प्रांतात शिरणे काहींना आगंतुकपणाचे वाटेल. पण आवक, साठवण आणि खप हा आमच्याही शास्त्राचा विषय आहे.

निरोगी माणसाच्या साऱ्या रक्तात उपाशीपोटी मिळून साखर असते ती सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा! जेवणानंतर ती वाढू लागली की स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटते आणि ही आवक स्नायूंत व यकृतात रवाना होते. यकृताचे कोठार साधारण १०० ग्रॅमचे, स्नायूंचे त्याच्या तिप्पट-चौपट. कोठारे भरलेली असतानाही माल येतच राहिला तर शिल्लक चरबीच्या रूपाने साठते, पोटाभोवती व यकृतातही. मग इन्शुलिनचा हुकूम पूर्वीसारखा मानला जात नाही. स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन सोडून काही वर्षे बाजू सावरते. ते थकले की मधुमेह उघड होतो.

आता आपल्या गावाकडे पाहावे. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीतला पैलवान पहाटे शेकड्यांनी जोर-बैठका मारतो, लढत करतो आणि मग थंडाई व दूध पितो. त्याने कोठारे आधी रिकामी केलेली असतात. पाहुण्याला गूळ-शेंगदाणे आणि तांब्याभर पाणी देण्याची आपली रीतही कोसभर चालून आलेल्या माणसासाठी होती. पाहुणा आता मोटारसायकलवरून येतो. पैलवानाचा खुराक शहराच्या अभिमानाचा विषय झाला आणि तो आम्हा खुर्चीवरच्या मंडळींनी उचलला. जोर-बैठका मात्र तालमीतच राहिल्या.

'आम्ही साखर सोडली, गूळ खातो,' असे समाधानाने सांगणारे सहकारी प्रत्येक कार्यालयात भेटतात. कोल्हापुरी गुळाचे प्रेम मलाही आहे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि २०१४ मध्ये या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. गुळात थोडे लोह आहे, क्षार आहेत, चव तर आहेच. पण त्याचा मोठा भाग तीच उसाची साखर असते आणि उष्मांकही जवळजवळ साखरेइतकेच. ढेपेवरचे मानांकन स्वादुपिंडाला वाचता येत नाही.

भाताचा ढीग, मिसळीबरोबरचे चार पाव, साबुदाण्याची खिचडी हे गोड लागत नाहीत म्हणून सुटतात. वास्तविक पिष्ट म्हणजे ग्लुकोजचीच लांब साखळी. पोटात ती सुटी होते. पांढरा तांदूळ व मैदा यांची साखळी झटपट सुटते. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी यांची सावकाश. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. प्रौढांत हे प्रमाण ११.४ टक्के. 'मी तर सडपातळ' म्हणून निश्चिंत राहण्याचीही सोय नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा एकच, २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के.

विद्यार्थ्यांचा एक समज मेंदूविषयी आहे. परीक्षेला जाताना ग्लुकोजची पुडी फोडली म्हणजे बुद्धी तल्लख होते, असे त्यांना वाटते. मेंदू वजनाने शरीराचा जेमतेम २ टक्के. पण विश्रांतीतही एकूण ऊर्जेचा पाचवा हिस्सा, दिवसाला १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज, एकटा खातो. तथापि त्याला हवा असतो तो स्थिर पुरवठा, आणि तो यकृत रात्रभर झोपेतही करीत असते. गोडाचा मारा केल्याने निरोगी मेंदू अधिक विचार करू लागत नाही. उलट काहींच्या बाबतीत झपाट्याने चढलेली साखर तितक्याच वेगाने उतरते, आणि पुन्हा भूक, थरथर, चिडचिड सुरू होते. भरपेट भातानंतरच्या तासाला वर्गात काय दिसते, ते शिक्षकांना सांगावयास नको. गोड चवीने मेंदूतील सुखाची केंद्रे चाळवतात, म्हणून पोट भरल्यावरही जिलेबीला जागा होते. वर्षानुवर्षे वाढलेली साखर मात्र बारीक रक्तवाहिन्या खराब करते: डोळ्यांच्या, मूत्रपिंडाच्या आणि मेंदूच्याही. मधुमेह्यांत पक्षाघात व स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक असतो, तो यामुळेच काही अंशी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा दिवसाला साधारण ५० ग्रॅम वरच्या साखरेची आहे. २५ वर थांबल्यास उत्तम. दोन चमच्यांचे सहा चहा झाले की कार्यालय सुटण्यापूर्वीच पहिली मर्यादा गाठली जाते.

खप घटला तर शेतकरी बुडेल, ही भीती मी गंभीरपणे घेतो. पण साखरेचा मोठा गिऱ्हाईक तुमचा-आमचा चहा नव्हे, शीतपेये व मिठाईचे कारखाने आहेत. शिवाय ऊस आता इथेनॉलकडेही वळतो. आपल्या चार चमच्यांनी दर पडणार नाही. रेशनवर मुख्यत्वे गहू-तांदूळ देऊन ज्वारीला ताटाबाहेर ठेवणारे धोरण मात्र तपासावयास हवे, कारण त्या स्वस्ताईचा उरलेला खर्च औषधाच्या दुकानात भरावा लागतो.

हंगामात कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसातील साखर रोज मोजली जाते. त्याच आवारात ट्रॅक्टरचालक, तोडणी मजूर, कामगार आणि सभासद येत असतात. त्यांच्या रक्तातील साखर मोजावयास बोटाचा एक थेंब व एक मिनिट पुरते. एखाद्या संचालक मंडळाने येत्या मोळीपूजनाच्या दिवशी वजनकाट्याशेजारी तेवढे एक टेबल मांडून पाहावे.