धर्माबादहून मुरूड-जंजिऱ्याला जाताय? निघण्याआधी एवढं वाचा

आपल्या धर्माबादकडच्या लेकरांनी मोठं पाणी पाहिलेलं असतं ते गोदावरीचं, फार तर बाभळीच्या बंधाऱ्याचं. समुद्र दाखवायचा म्हणून मागच्या सुट्टीत आम्ही घरची नऊ माणसं रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला गेलो. तिथले लोकही मुसलमान, मराठी बोलणारे. मग वेगळं काय असणार, असं वाटलं होतं. पहिल्याच दिवशी आमची असरची जमात चुकली. आपल्याकडच्या वेळेने मशिदीत गेलो, तर नमाज कधीच होऊन गेली होती.

शाफई मंडळींचा मुलूख

कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आहेत, आपण मराठवाड्यातले बहुतेक हनफी. शाफईंची असर आपल्यापेक्षा बरीच लवकर होते. फजरच्या दुसऱ्या रकातीत रुकूनंतर इमामसाहेब हात उठवून कुनूत पढतात, 'आमीन' मोठ्याने म्हटली जाते. आमच्यातल्या एका तरुणाने बाहेर आल्यावर "हे काय नवीन?" असं विचारलं. शेजारी बसलेले एक बुजुर्ग हसून म्हणाले, "बाळा, नवीन नाही, आमच्या बापजाद्यांपासून आहे." चारही मजहब हक आहेत हे आपण पुस्तकात वाचतो; इथे ते डोळ्यांनी दिसतं. वाद घालू नका. सफरमधली कसर नमाज, तिथल्या इमाममागे उभं राहणं, हे सगळं आपल्या इमामसाहेबांना निघण्यापूर्वीच विचारून घ्या.

जेवण

तिथे ज्वारीची नाही, तांदळाची भाकरी. कालवणात नारळाचा रस आणि आंबटपणाला आमसूल. धर्माबादच्या मिरचीवर वाढलेल्या जिभेला पहिला घास गोडसर लागतो, दुसऱ्या दिवशी तोच आवडू लागतो. पापलेट, सुरमई, बांगडा, बोंबील ताजे मिळतात. वाफवलेलं सांदण कुठे मिळालं तर सोडू नका.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. शाफई मजहबात समुद्रातले जीव साधारणपणे हलाल मानले जातात, म्हणून कुर्ली, शेवंड, माकूलही ताटात येतात. हनफींकडे मासळीच चालते, खेकडा नाही. कोलंबीबद्दल उलमांत मतभेद आहेत. त्यामुळे ऑर्डर देतानाच काय नको ते सांगा. ताट समोर आल्यावर नाक मुरडलं तर वाढणाऱ्या बाईचं मन दुखतं. घरगुती खानावळीत सकाळीच किती माणसं ते सांगितलं, तर दुपारी गरम जेवण मिळतं.

जायचं कसं

धर्माबादहून देवगिरी एक्सप्रेसने ठाण्यापर्यंत जा. तिथून लोकलने पनवेल आणि पुढे एसटीने पेण, अलिबागमार्गे मुरूड. थेट गाडी नसली तर अलिबागला बदला. तिथून रेवदंडा, काशीद करत साधारण 50 किलोमीटर. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, 75 वर्षांवरच्या बुजुर्गांना मोफत; आधार कार्ड जवळ ठेवा.

किल्ल्यासाठी मुरूडहून रिक्षाने राजपुरीला जावं लागतं. तिथून शिडाच्या होड्या सुटतात. होडी हलत असताना दरवाजाच्या पायरीवर उतरावं लागतं, तेव्हा म्हाताऱ्यांचा हात धरा. शुक्रवारी जुम्म्याच्या वेळी होड्या थांबतात, म्हणून सकाळीच जा. पावसाळ्यात किल्ला बंद असतो.

'जंजिरा' हा शब्द अरबी 'जझीरा'वरून आला, म्हणजे बेट. हा किल्ला राखणारे सिद्दी मूळचे हबशी. खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, 1610 मध्ये वसवणारा मलिक अंबरही हबशीच. 1948 पर्यंत जंजिरा हे वेगळं संस्थान होतं. राजपुरीजवळ खोकरीला सिद्दींच्या दगडी कबरी आहेत. तिथे फोटोआधी फातिहा पढा.

समुद्राला हलकं समजू नका

फेब्रुवारी 2016 मध्ये पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून जास्त विद्यार्थी याच मुरूडच्या किनाऱ्यावर बुडाले. पोहता येणं आणि समुद्र ओळखणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या घरात चांदाचं कॅलेंडर असतंच, ते इथे कामाला येतं. नवा चांद दिसतो त्या दिवसांत आणि चौदा-पंधरा तारखेच्या आसपास भरती-ओहोटी सर्वांत जोरात असते. त्या दिवसांत भरती साधारण दुपारी बारा-एकला पूर्ण होते. मग पाणी मागे सरकतं, वाळू उघडी पडते, आणि लेकरं पाण्याच्या मागे आत आत जातात. ओहोटीची ओढ पायाखालची वाळू काढून घेते. पुढे रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे जाते. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या कोळी माणसाला एकच विचारा: "चाचा, आता भरती की ओहोटी?" ओहोटी म्हणाले तर मुलांना गुडघ्याच्या पुढे सोडू नका.

आमची अम्मी सत्तर वर्षांची. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून तिने फक्त "सुभानअल्लाह" म्हटलं. दुसऱ्या दिवशी आम्ही असरला वेळेवर पोहोचलो. तेच बुजुर्ग सरकून आम्हाला सफेत जागा करून देत होते.